परक्याची पिशवी

आमच्या डोणगावच्या एस. टी. थांब्यावर सकाळच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर एक वाक्य हटकून कानी पडते : "जरा एवढी पिशवी पाहा हं, मी आलोच." सांगणारा आणि ऐकणारा यांची ओळख असतेच असे नाही. पिशवीत काय आहे हे कोणी विचारीत नाही, आणि चहा घेऊन परत आलेला धनी तिची गाठ सुटली आहे काय, हेही पाहत नाही. गाडी लागली म्हणजे एकजण खिडकीतून रुमाल टाकून दुसऱ्यासाठी जागा धरतो, एकीचे मूल दुसरीच्या मांडीवर जाऊन बसते, आणि मेहकर येईपर्यंत कोणाची मुलगी कोठे दिली आहे व कोणाचे सोयाबीन किती पोती झाले, हे सगळ्या बाकास ठाऊक होते. आम्ही लहानपणापासून हाच प्रवास पाहिला, आणि प्रवास म्हणजे हाच, अशी आमची समजूत होती.

आता हेच वाक्य नागपूरच्या अथवा मुंबईच्या विमानतळावर उच्चारून पाहावे. ज्यास सांगावे तो चार पावले मागे सरेल, आणि धन्यावाचून पडलेल्या त्या पिशवीभोवती थोड्याच वेळात बंदूकधारी जवान उभे राहतील. बेवारस वस्तूस हात लावू नये, अनोळखी माणसाकडून काहीही घेऊ नये, हा तेथील पहिला धडा होय. एकाच देशात, त्याच माणसांस, प्रवासाच्या इतक्या भिन्न रीती कशा पाळाव्या लागू लागल्या, याविषयी आम्हांस जे वाटते ते लिहिण्याचे योजिले आहे.

विमानाची गोष्ट डोणगावास कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हल्ली आमचे माजी विद्यार्थी बंगळूर, दुबई आणि त्याहूनही दूरच्या ठिकाणी नोकरीस जातात. 2022 साली समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाल्यापासून नागपूर काही तासांवर आले आहे. आणि ज्यांनी जन्मात आगगाडीचा प्रवासही फारसा केला नाही अशी आजोबा-आजी मंडळी नातवंडांच्या ओढीने विमानात बसू लागली आहेत. तेव्हा विषय आता आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

विमानतळाची ही दशा आरंभापासून नव्हती. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोन तरुणांनी लाहोरास नेले, तेव्हा त्यांच्या हातातील पिस्तूल खेळण्यातले व हातबॉम्ब लाकडाचा होता, असे मागाहून उघड झाले. प्रवासी सुखरूप परतले. विमान मात्र जाळण्यात आले. पुढे 20 डिसेंबर 1978 रोजी लखनौहून दिल्लीकडे निघालेले विमान दोघा तरुणांनी बनारसेस उतरविले. मागणी होती इंदिरा गांधींच्या सुटकेची. आणि हाती शस्त्र म्हणाल तर खेळण्यातले पिस्तूल व एक क्रिकेटचा चेंडू! हेच दोघे पुढे उत्तर प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले. आज हे वाचताना हसू येते. त्या काळी अपहरण हा एक धाडसी, बेजबाबदार तमाशा होता, आणि प्रवाशाने गप्प बसून तो संपण्याची वाट पाहावी, एवढेच त्याचे कर्तव्य समजले जाई.

ते हसू 1985 साली मावळले. त्या वर्षीच्या 23 जून रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे येणारे एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक आकाशातच फुटले आणि 329 माणसे समुद्रात गेली. बॉम्ब एका पेटीत होता. पेटी विमानात चढली होती, पण तिचा धनी चढलाच नव्हता. ज्या परक्याच्या पिशवीवर आम्ही थांब्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो, तिनेच येथे घात केला. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशास विमानाजवळ नेत, तेथे मांडून ठेवलेल्या सामानातून त्याने बोट दाखवून आपली पेटी ओळखावयाची, आणि जी पेटी कोणी ओळखली नाही ती खालीच राहावयाची, अशी रीत होती. उन्हात उभे राहून पेटी ओळखण्याचा पुष्कळांस कंटाळा येई. त्या रीतीमागे कोणती आठवण उभी आहे हे ज्यास ठाऊक असेल त्यास तो येऊ नये.

येथे एका विद्यार्थिनीची हकीकत सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. मुंबईच्या बॉम्बे स्कॉटिश शाळेत व सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली नीरजा भनोट ही पॅन अ‍ॅम कंपनीच्या विमानात विमानसेविकांची प्रमुख होती. 5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून निघालेले ते विमान पहाटे कराचीच्या तळावर उभे असता चार सशस्त्र इसम आत घुसले. त्यांच्या अंगावर विमानतळाच्या रक्षकांचा गणवेष होता. नीरजाने तत्काळ इशारा दिला, त्यामुळे वैमानिक वरच्या झडपेवाटे निसटले आणि विमान जागचे हलू शकले नाही. मग त्या इसमांनी सर्वांची पारपत्रे गोळा करावयास सांगितली. अमेरिकन कोण आहेत, ते त्यांस वेगळे काढावयाचे होते. नीरजाने व तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पारपत्रे आसनांखाली व इतरत्र दडविली. सुमारे सतरा तासांनी विमानातील दिवे मालवले आणि अंधारात गोळीबार सुरू झाला. तिला दारावाटे सर्वांआधी निघून जाता आले असते. तिने दार उघडून प्रवाशांस बाहेर काढण्यास आरंभ केला, आणि मुलांस आड घेत असता ती पडली. तिचा तेविसावा वाढदिवस अवघ्या दोन दिवसांवर आला होता. राष्ट्राने तिला मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. तिच्या शौर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस तिची पारपत्रे दडविण्याची गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती का, हे पुढे येईलच.

यानंतरचा इतिहास आमच्या पालकवर्गाने स्वतः पाहिला आहे. 24 डिसेंबर 1999 रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान अमृतसर, लाहोर, दुबई असे फिरवीत कंदाहारास नेण्यात आले. एका नवविवाहित तरुणाचा बळी गेला, आणि तीन कैद्यांची सुटका करून 31 डिसेंबरास प्रवासी सोडविण्यात आले. त्या आठ दिवसांत प्रवासी मान खाली घालून निमूट बसून राहिले, आणि तेच तेव्हा शहाणपणाचे होते. लगोलग 2000 सालापासून आपल्या विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास प्रारंभ झाला. जयपूर हा पहिला तळ. पण निमूट बसण्याचे शहाणपण 11 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेत एका सकाळीच खोटे ठरले. अपहरणकर्त्यांस त्या दिवशी काही मागावयाचेच नव्हते. त्यांस विमान हेच शस्त्र म्हणून हवे होते. चौथ्या विमानातील प्रवाशांस ही बातमी दूरध्वनीवरून कळली आणि ते उठले. विमान पेनसिल्व्हेनियातील एका शेतात कोसळले, सर्व मरण पावले, परंतु ते ज्या शहरावर जावयाचे होते तेथे गेले नाही. त्या दिवसापासून जगातील विमानप्रवासी निराळा झाला. 22 डिसेंबर 2001 रोजी पॅरिसहून मायामीस जाणाऱ्या विमानात एकजण बुटास काडी लावू लागला, तेव्हा विमानसेविका आणि प्रवासी यांनीच त्यास आवळून धरले. बुटात स्फोटक होते.

प्रत्येक दुष्टाने आपल्यामागे एक नियम ठेविला आहे. बुटवाल्यामुळे बूट काढावे लागू लागले. 10 ऑगस्ट 2006 रोजी लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला, त्यानंतर पुष्कळ ठिकाणी हातातील सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली नेण्यास मनाई झाली. म्हणून आईने दिलेली लोणच्याची बरणी मोठ्या पेटीत नीट गुंडाळून ठेवावी, नाहीतर ती नातवापर्यंत पोचावयाची नाही. वैमानिकांच्या खोलीचे दार आता आतून पक्के बंद असते. पूर्वी लहान मुलांस तेथे डोकावून ती शेकडो बटणे पाहावयास मिळत, ते सुख गेले. आणि या बंद दाराचाही एकदा घात झाला. 24 मार्च 2015 रोजी एका जर्मन विमानात सहवैमानिकाने मुख्य वैमानिकास बाहेर कोंडले व विमान आल्प्स पर्वतावर आदळविले. 150 जीव गेले. कुलुपाने चोर बाहेर राहतो; घरातलाच मनुष्य फिरला तर त्यास कुलूप काय करील?

तरीही या तपासणीविरुद्ध कुरकुर करणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. 2009 च्या एप्रिलात दिल्लीस एका विदेशी कंपनीच्या नोकरांनी माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. नियमाने त्यांस ती माफ होती. पुढे तीन महिन्यांनी बातमी फुटली तेव्हा संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने क्षमा मागितली. स्वतः कलामांनी मात्र त्या वेळी तक्रार केली नव्हती. रांगेतल्या इतर माणसांप्रमाणे तेही उभे राहिले होते. कंपनीची चूक ती चूकच. पण जी रांग राष्ट्रपतींसही लागू होते आणि आमच्या शेतकऱ्यासही लागू होते, तिच्यात कोणाचा मान जात नाही, असे आमचे मत आहे.

त्या रांगेत आम्ही गेल्या उन्हाळ्यात उभे होतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा बंगळुरास मुलाकडे निघाले होते, आणि त्याच विमानाने आम्हांसही कामानिमित्त जावयाचे होते, म्हणून आबांस आमच्या स्वाधीन करण्यात आले. धोतर, टोपी, खांद्यास कापडी पिशवी आणि कमरेस चंची. नागपूरच्या तळावर चंची तपासताना जवानाच्या हाती अडकित्ता लागला. "बाबा, ये अंदर नहीं जाएगा," तो म्हणाला. आबा म्हणाले, "आवो सायेब, सुपारी कातराले हाये तो. यानं कोनाचं काय होते?" जवान तरुण होता, उर्मट मुळीच नव्हता, मोठ्या पेटीत घालून आणा, असे त्याने दोनदा सुचविले, पण पेटी केव्हाच पुढे गेली होती. शेवटी आबांनी अडकित्ता एकदा उघडून मिटला आणि त्याच्या हाती दिला. "ठेवून घे बापा, पन फेकू नको. धार लय चांगली हाये." चाळीस वर्षे वापरलेली वस्तू होती ती. आम्हांस वाईट वाटले. राग मात्र आला नाही.

राग आला तो विमानात, आणि तोही थोडासा आमचा आम्हांसच. आमच्या पलीकडच्या रांगेत खिडकीशी एक तरुण बसला होता. दाढी राखलेली, डोक्यास पांढरी जाळीची टोपी. त्याने आपली पिशवी वरच्या फळीवर ठेविली तेव्हा आमची दृष्टी त्या पिशवीवर जरूरीपेक्षा क्षणभर अधिक रेंगाळली, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. त्याच्या शेजारच्या गृहस्थांनी विमानसेविकेस बोलावून हळू आवाजात दुसरी जागा मागितली. तरुणाने ऐकले नाहीसे दाखविले आणि हातातल्या पुस्तकाचे पान उलटले. पण त्याचे कान लाल झालेले आम्ही पाहिले. कोणी जागा बदलून देईल काय, असे सेविकेने विचारताच आबा उठले. एस. टी.त कोणी जागा मागितली तर उठावयाचे, एवढेच त्यांस ठाऊक. त्या तरुणाशेजारी बसून पट्टा कसा लावतात हे त्यालाच विचारीत त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोन्या गावचा रे बापा?" तो खामगावचा निघाला. आपल्याच जिल्ह्याचा! बंगळुरास औषधांच्या कारखान्यात नोकरीस होता आणि आईचे दुखणे पाहून परत चालला होता.

या दोन प्रसंगांत फरक कोणता, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. अडकित्ता घेणाऱ्या जवानाने आबांचे तोंड पाहिले नव्हते. त्याने वस्तू पाहिली, आणि ती वस्तू कोणाजवळही सापडती तरी त्याने घेतलीच असती. जागा बदलणाऱ्या गृहस्थांनी वस्तू पाहिली नाही, कृत्य पाहिले नाही, केवळ तोंड पाहिले. तो तरुण त्याच रांगेतून, त्याच यंत्रातून तपासून आत आला होता. मग यंत्रावर आणि जवानावर विश्वास नाही, असे तरी म्हणावे. पण तसे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

अशा संशयाचे फळ एकदा आपल्याकडील लोकांनी चाखले आहे. 23 ऑगस्ट 2006 रोजी ॲम्स्टरडॅमहून मुंबईस निघालेले एक विमान लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात माघारी नेण्यात आले आणि बारा भारतीय प्रवाशांस बेड्या पडल्या. त्यांनी जागा बदलल्या होत्या, भ्रमणध्वनी एकमेकांच्या हाती दिले होते, सूचना नीट पाळल्या नव्हत्या. लंडनच्या कटास दोन आठवडेही झाले नव्हते, त्यामुळे सर्वांचीच मने धास्तावलेली होती. दुसऱ्या दिवशी त्या बारांविरुद्ध काहीही पुरावा नाही असे सांगून त्यांस सोडण्यात आले. सूचना न पाळणे हा दोष खरा, आणि आपल्या लोकांत तो भरपूर आहे. पण जागा बदलणे आणि फोन फिरवून पाहणे यांवरून माणूस धरावयाचा, तर आमच्या थांब्यावरून सुटणारी एकही गाडी मेहकरास पोचणार नाही! त्याहून भयंकर प्रकार अमेरिकेत 15 सप्टेंबर 2001 रोजी घडला. ॲरिझोनात आपल्या पेट्रोलपंपाबाहेर उभ्या असलेल्या एका शिखास एकाने गोळी घातली. का, तर डोक्यास पगडी आणि मुखास दाढी. नांदेडास जाणारे शीख यात्रेकरू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस यातला मूर्खपणा आणि क्रौर्य दोन्ही वेगळे समजावून सांगावयास नको.

यावर असे उत्तर देण्यात येते की, भीती ही काही कोणी मुद्दाम बाळगीत नाही. शंभरांत एकदा तरी संशय खरा ठरला तर शंभर जीव वाचतील. हे म्हणणे आम्ही सहज उडवून लावीत नाही. ज्याची मुले विमानात बसली आहेत, त्यास हा हिशेब क्षुल्लक वाटणार नाही. परंतु वर दिलेल्या हकीकती पुन्हा पाहाव्यात. पॅरिसच्या विमानात प्राण वाचले ते काडी ओढल्याचा वास आला आणि त्या वासाकडे कोणी लक्ष दिले म्हणून. कराचीस घुसलेले इसम रक्षकाच्या वेषात होते. वेष पाहणारास तेच सर्वांत विश्वासू वाटले असते. कृत्यावर नजर ठेवणारा प्रवासी उपयोगी पडला आहे. तोंडावर नजर ठेवणारा भलत्याच माणसाकडे पाहत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी खऱ्या दुष्टाकडे त्याची पाठ असते. आता नीरजाची पारपत्रे आठवावी. माणसांचे गठ्ठे करून एक गठ्ठा बाजूस काढावयाचा, हे त्या दिवशी अपहरणकर्त्यांस हवे होते. ते तिने होऊ दिले नाही. तेच काम आज आपण तिकीट काढून, स्वखुशीने, आसनावर बसून करावे काय?

आमच्या शाळेत एका बाकावर दोन मुले बसतात. दोघांचा डबा एक, खोड्या एक, आणि गणितात नापास होणेही बहुधा एकदमच. उद्या दोघेही परदेशी जातील आणि एकाच विमानात बसतील. एकास नाव विचारून पुढे सोडतील, दुसऱ्यास नाव विचारून बाजूस घेतील. त्या वेळी पहिला काय करील, मान फिरवून पुढे जाईल की मित्रासाठी थांबेल, याची चिंता आम्हांस त्यांच्या परीक्षेच्या निकालाहून अधिक वाटते. आणि याचा धडा विमानतळावर मिळत नाही. तो घरी जेवताना, दूरचित्रवाणीसमोर बसून वडील मंडळी जे बोलतात त्यातून मिळतो. पालकांनी याचा विचार करावा.

विद्यार्थ्यांसही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. 2024 च्या ऑक्टोबरात आपल्या देशातील शेकडो विमानांस बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या. विमाने भलतीकडे उतरवावी लागली, आजारी माणसे व तान्ही मुले तासन् तास अडकली, आणि सगळ्या देशाचा जीव टांगणीस लागला. त्यांतील काही धमक्यांच्या प्रकरणी मुंबईच्या पोलिसांनी छत्तीसगडातील एका सतरा वर्षांच्या मुलास ताब्यात घेतले. पैशावरून एका मित्राशी बिनसले, म्हणून त्या मित्राच्या नावाने खाते उघडून त्याने हा उद्योग केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. सतरा वर्षे, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांएवढेच वय! 1978 साली चेंडू दाखवून विमान उतरविणाऱ्यांस लोक हसले; आता तशी थट्टा कोणास परवडणारी नाही. खोटी आवई उठविणारा मुलगा स्वतः तर तुरुंगाच्या दाराशी जातोच, पण पुढच्या विमानातील शेजाऱ्यांची एकमेकांवरील नजर आणखी थोडी गढूळ करून जातो.

आबा महिनाभराने बंगळुराहून परत आले. नागपूरच्या तळावर उतरताच त्यांनी पहिल्या दिसलेल्या जवानाकडे जाऊन आपल्या अडकित्त्याची चौकशी केली. तो जवान दुसरा होता. अशा वस्तू परत मिळत नाहीत, असे त्याने नम्रपणे सांगितले. मेहकरच्या बाजारातून त्यांनी नवा घेतला आहे, पण त्याची धार त्यांच्या मनास येत नाही. खामगावच्या त्या तरुणाचा फोन मात्र त्यांस अधूनमधून येतो, आणि त्याच्या आईचे दुखणे आता उतारास लागले आहे, असे परवा थांब्यावर भेटले तेव्हा त्यांनीच आम्हांस सांगितले. मग हातातली पिशवी आमच्यापाशी ठेवून ते चहास गेले.